मिग पांढरं पडलं, आता काय करू?

प्रश्न: सर, वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, त्यांच्यासाठी मिग-२१ या लढाऊ विमानाचं १/७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मॉडेल केलंय. परवा पाऊस चालू असताना गॅलरीत शेवटचा मॅट (बिनचकाकीच्या) वार्निशचा स्प्रे मारला आणि सगळं विमान पीठ भुरभुरल्यासारखं पांढुरकं झालं. रंग खरवडून काढू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अजिबात खरवडू नका हो! रंग बहुतेक शाबूत आहे. स्प्रेमधलं सॉल्व्हंट (वार्निश पातळ ठेवणारं द्रव) पटकन उडतं, त्याने पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतला ओलावा त्या ओल्या थरातच बसतो, म्हणून हे असं दिसतं. पूर्ण वाळू द्या, मग ऊन पडलेल्या कोरड्या दिवशी त्याच कंपनीच्या ग्लॉस (चकाकीच्या) वार्निशचा अगदी पातळ हात मारा, आधी पंखाच्या खालच्या बाजूला ट्राय करून बघा, बऱ्याचदा ढगाळपणा तिथल्या तिथे विरतो, आणि मॅट नंतर पुन्हा कोरड्या हवेतच मारायचं. स्प्रेचा डबा आधी कोमट पाण्यात ठेवून छान हलवून घ्या, गरम पाण्यात मात्र नको.

शोकेस खिडकीसमोर ठेवू नका, उन्हाने रंग आणि डिकल्स (मॉडेलवर चिकटवलेले नंबर-चिन्हं) फिके पडतात.

आणि खरं सांगू, जेमतेम २० सेंटिमीटरचं विमान आहे, पण ओझरला १९६० च्या दशकापासून मिग बनले, २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं, त्यामुळे वडिलांना देताना विमानाचा नंबर त्यांनाच विचारून त्यावर टाका, त्यांच्या हाताखालून गेलेला एखादा नंबर त्यांना नक्की आठवत असेल.