आधी तुमचा रोल तपासा, मग व्हिडिओ करा

तुमची पोस्ट वाचली आणि माझं २०२२ सालचं सत्र जसंच्या तसं समोर आलं. तुम्ही लिहिलंय: नवीन नोकरी, मूडलवर (कॉलेजच्या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर) छत्तीस व्हिडिओ चढवलेत, तरी अंतर्गत परीक्षेत मुलांचे पेपर कोरे, आणि विभागप्रमुख म्हणतात ‘अजून कंटेंट टाका’. मी पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सांख्यिकी शिकवते. अजून काही टाकू नका, एवढं आधीच सांगते.

माइक कुठला, स्लाइड कशा, हे सोडून देते. मला सगळ्यात महागात पडलं ते वेगळंच. आमच्या कॉलेजच्या तांत्रिक कक्षाने सरसकट सगळ्या शिक्षकांना ‘नॉन-एडिटिंग टीचर’ हा रोल, म्हणजे मूडलमधले ठरावीक अधिकार, दिला होता. त्यात मुलांचं काम बघता येतं, गुण देता येतात, पण स्वतः क्विझ तयार करता येत नाही. मला वाटलं, मूडल असंच असतं! क्विझ हवी तर प्रश्न एक्सेलमध्ये, सोबत अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही, आणि मग कक्षाला सवड होईल तेव्हा. पहिली क्विझ सतरा दिवसांनी चढली. तोवर मी द्विपद वितरण हा धडा संपवून पुढच्या, पॉइसाँ वितरणाच्या धड्यावर गेले होते. दोनदा खेटे घातले, ‘मॅडम, सगळ्यांना एडिटिंग दिलं तर सिस्टीम बिघडेल’ ऐकून परत आले. तिथे मी विचारणं सोडलं, ही माझी चूक. मग जे हातात होतं तेच करत सुटले: पन्नास-पन्नास मिनिटांची व्याख्यानं रेकॉर्ड करायची, यूट्यूबवर टाकायची, लिंक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. दिवाळीची अख्खी सुट्टी त्यात गेली.

सुट्टीनंतर कॅन्टीनमध्ये एका मुलाने मला मोबाईल दाखवला. बीडकडचा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा. व्हिडिओखालची लाल रेघ सातव्या मिनिटाला थांबलेली. वही मात्र भरलेली, स्लाइडवरचं प्रत्येक सूत्र सुवाच्य अक्षरात. म्हटलं, बल्ब खराब असण्याची संभाव्यता ०.१ आहे, दहातले नेमके दोन खराब निघण्याची काढ. सूत्र लिहिलं आणि पेन थांबलं. “एन कुठला घ्यायचा मॅडम?” एन म्हणजे एकूण बल्ब, दहा; ते प्रश्नातच होतं. तो आळशी नव्हता हो. मी त्याला सत्रभर फक्त बघायला दिलं होतं, करायला काहीच नाही. त्या बॅचचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर वाचलं, फिलिप गुओ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडेक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरची ६९ लाख व्हिडिओ-सत्रं (व्हिडिओ बघायला बसण्याच्या वेळा) तपासली होती. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यक वेळ जेमतेम सहा मिनिटांपर्यंत. आणि रोडिगर-कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग: उतारा वाचायला दिला, मग पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर स्वतःला तपासून बघणारे पुढे. म्हणजे क्विझ ही शेवटची परीक्षा नव्हे, शिकणं तिथेच होतं. मी नेमकी तीच सोडून दिली होती.

पुढच्या सत्रात प्राचार्यांना एक पानी पत्र दिलं: फक्त माझ्या कोर्सपुरता, क्विझ स्वतः करता येणारा ‘टीचर’ रोल द्या. हा रोल त्या कोर्सपुरताच राहतो, बाकी साइटला धक्का लागत नाही. काम दोन मिनिटांत झालं.

आता मी उलटीकडून सुरुवात करते. शुक्रवारी मुलांना कुठलं गणित सुटलं पाहिजे ते आधी लिहायचं. मग त्याच्यापुरता पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ, मध्येच ‘थांबा, वहीत करा’. मग ‘कॅल्क्युलेटेड’ प्रकारचे प्रश्न, ज्यात प्रत्येकाला आकडे वेगळे येतात, म्हणून ग्रुपवर उत्तर फिरवून उपयोग नाही. सेटिंग ‘इंटरॅक्टिव्ह विथ मल्टिपल ट्राइज’ ठेवा: चुकलं की सूचना, मग पुन्हा प्रयत्न. सोमवारचा तास सगळ्यात जास्त चुकलेल्या प्रश्नापासून. हा शेवटचा भाग सोडलात तर बाकीचं सगळं वाया, असं माझं ठाम मत आहे. व्हिडिओ बघण्याला गुण देऊ नका, मुलं तो चालू ठेवून जेवायला जातात.

हा एका सांख्यिकीच्या वर्गाचा अनुभव आहे. भाषा किंवा प्रयोगशाळेच्या विषयांना तो जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. आणखी दोन गोष्टी: क्विझची मुदत रविवारी रात्री ठेवू नका, गावी गेलेली मुलं तेव्हा एसटीत असतात. आणि सत्र संपलं की कोर्सचा बॅकअप स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घ्या, कुणाच्या भरवशावर राहू नका.

आज एवढंच करा: कोर्समध्ये ‘पार्टिसिपंट्स’ उघडा, तुमच्या नावासमोर रोल दिसेल. काय लिहिलंय ते इथे सांगा. ‘टीचर’ असेल तर माझी द्विपद वितरणाची प्रश्नपेढी लगेच पाठवते. नसेल तर आधी ते पत्र मिळून लिहू.