बॅटरीची खोली जिन्याखाली नको

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद,

गावासाठी सौरवीज आणि गोबरगॅसचा तुझा आराखडा दोनदा वाचला. मान्याचीवाडीचं नाव घेतलंस, बरं वाटलं. २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून तिचं नाव झालं. पण ती वाडी पाटणच्या डोंगरात आणि तुझं गाव कृष्णेच्या काठावर. तिथलं उचलून इथं लावता येत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. ट्रान्सफॉर्मरच्या डीपी बुडाल्या, लाईन बंद. माझ्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर होतं, म्हणून मी निर्धास्त. मध्येच थोडं ऊन पडलं, वर जाऊन पाहिलं तर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, गप्प. ऑनग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेलं यंत्र लाईन गेली की आपोआप बंद पडतं. खांबावर चढलेल्या माणसाला मागून करंट बसू नये म्हणून ती सोय. त्याबद्दल तक्रार नाही, मीही खांबावर चढलोय. पण ज्यानं बसवलं तो हे बोलला नाही, आणि आयुष्यभर वायरमनकी करून मीही विचारलं नाही! फोन शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केला. वर कोयनेची १,९६० मेगावॅटची वीज, आणि आमच्या घरात नऊ वॅटचा दिवा पेटेना.

म्हणून किती किलोवॅट बसवायचे ते नंतर ठरव. लाईन नसताना काय चालू राहिलंच पाहिजे, ते आधी लिही. आरोग्य उपकेंद्रातला लसींचा फ्रीज, दहा दिवे, फोन चार्जिंगचे प्लग. नऊ वॅटचे दहा दिवे बारा तास लावले तरी जेमतेम एक युनिट होतं. एवढ्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर घे, म्हणजे लाईन नसतानाही बॅटरीवर चालणारा; या लोडचा डीबी, म्हणजे वीज वाटणारा बोर्ड, वेगळा काढ, आणि बॅटरी निदान दोन दिवसांची धर. पूर म्हणजे आभाळ भरलेलंच. त्या दिवसांत पॅनेलवर फार विसंबायचं नाही. पाच एचपीची मोटर मात्र बॅटरीवर टाकू नकोस. सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते. तिच्यासाठी डिझेलचा जनरेटर ठेव, लाज वाटून घेऊ नकोस.

गोबरगॅसचं पान छान लिहिलंयस. एरवी स्वयंपाकाला तो उत्तमच. पण पुरात जनावरं छावणीत जातात आणि टाकी पाण्याखाली. त्या आठवड्याच्या हिशोबात तो धरू नकोस.

आता चूक सांगतो. नकाशात बॅटरी आणि डीबी शाळेच्या जिन्याखाली दाखवलेत. जागा मोकळी आहे म्हणून ना? तुमच्या शाळेच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते. ते सगळं त्या रेघेच्या वर, पहिल्या मजल्यावर ने. वजन पेलेल का, ते गवंड्याला विचारून घे.

रविवारी येतो. टेप काढून ठेव, रेघ मोजू. चहा तुझ्याकडे.

तुझा,
काका