पथ्य एकटीनेच का पाळायचं?

"मूल हवंय, तर काय खायचं आणि काय सोडायचं?" हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा बायकोच विचारते. नवरा शेजारी बसलेला असतो, सोबत म्हणून.

हे जोडपंही तसंच. वर्ष उलटून गेलं तरी दिवस राहत नव्हते. ती बत्तीस वर्षांची. पर्समधून तिने एक वही काढली : एका बाजूला सुरू केलेले पदार्थ, दुसरीकडे सोडलेले. दूध, गहू, फळं, कॉफी, सगळं बंद. सोडलेल्यांची यादी पानामागे गेली होती. या नादात वजन इतकं घटलं होतं की पाळी लांबू लागली होती. खाणं फार तोडलं की शरीर बीज सोडायचंच टाळतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि रोजची 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची गोळी, जी बाळाच्या मज्जासंस्थेसाठी दिवस राहण्याआधीच सुरू करायची असते, तिचा वहीत पत्ताच नव्हता. कॉफी मात्र सोडलेली. दिवसाला एक कप चालतो हो!

"आणि तुमचं काय?" मी त्याला विचारलं.

"याचं काही नाही," तीच म्हणाली, "हा रोज जिमला जातो."

खरंच, दंड शर्टात मावत नव्हते. सिगारेट नाही, दारू नाही. पण वीर्यतपासणी झालीच नव्हती. सप्लिमेंट काय घेता म्हटल्यावर तो प्रोटीन पावडरवर थांबला. मी गप्प राहिले. मग हळूच म्हणाला, "ट्रेनर इंजेक्शन देतो, टेस्टोस्टेरॉनचं."

पुरुषपणा वाढवणारं औषध शुक्राणू कसे घटवेल, असंच सगळ्यांना वाटतं. पण हे हार्मोन बाहेरून मिळायला लागलं की मेंदू वृषणांना इशारा देणंच थांबवतो. मग शुक्राणू तयार होणं मंदावतं, कधी पार थांबतं. रिपोर्टमध्ये तेच आलं, संख्या जवळजवळ शून्य.

तिच्या वहीतलं एकही पथ्य यावर चालणार नव्हतं, तशा बाईच्या बंद गर्भनलिकाही आहाराने उघडत नाहीत. म्हणून वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनीही तपासण्या करून घ्याव्यात. दोघांनीही, हे मी मुद्दाम पुन्हा म्हणते.

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे आज बदललेल्या सवयीचा परिणाम पुढच्या आठवड्यात शोधू नये. याच्या बाबतीत तर सगळं पूर्ववत व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागू शकतं, हेही मी लपवलं नाही.

"पण मग बॉडी?" त्याने विचारलं.

"थोडी उतरेल. जिम सोडू नका. इंजेक्शन मात्र बंद करायचं, तेही मनाने नाही, डॉक्टरांच्या देखरेखीखाली."