एसटीनं जंगल बघायला जाता येईल का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी ६८ चा, ही ६३ ची, नागपुरात मानेवाड्याला राहतो. दोघंही रिटायर झालो, मुलं पुण्यात, आणि गाडी चालवणं मी आता सोडलंय. सगळी उमर नोकरीत गेली, जंगल बघायचं राहूनच गेलं. एसटीनं जाऊन दोन-तीन दिवस एखादं अभयारण्य बघता येईल का? हिचे गुडघे दुखतात, जिप्सीत जमेल का? ताडोबाला जावं की उमरेड-कऱ्हांडला बरं, जवळ पडतं म्हणून?

उत्तर: काका, येतं ना, आणि काकूंना घेऊन नक्की जा. पण माझं ऐकाल तर पहिल्यांदा ताडोबाही नको आणि कऱ्हांडलाही नको, नागझिरा-नवेगावला जा. ताडोबाला माणूस वाघासाठीच जातो आणि वाघ नाही दिसला की तोंड पाडून परत येतो. कऱ्हांडला जवळ आहे हे खरं, पण ३१ डिसेंबर २०२४ ला तिथे एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्हीकडून अडवून धरलं होतं, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, मला ते आठवलं की अजूनही वाईट वाटतं. आणि कऱ्हांडल्याचा तो प्रसिद्ध जय वाघ मूळचा नागझिऱ्याचाच, तिथून शेतं, नदी-नाले, रस्ते ओलांडत चालत आला होता, २०१६ मध्ये जो दिसेनासा झाला तो झालाच.

गणेशपेठ स्टँडवरून साकोलीला जाणारी एसटी पकडा, भंडारा, लाखनी, मग साकोली, शंभरेक किलोमीटर. तुम्हाला ६५ च्या वरचे म्हणून अर्धं तिकीट आणि काकूंना महिला म्हणून अर्धं, ती सवलत २०२३ पासून सगळ्याच बायकांना आहे, फक्त आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा. साकोलीहून नागझिऱ्याच्या पिटेझरी गेटला एसटीच्या भरवशावर राहू नका, जिथे मुक्काम करणार त्यांनाच आधी फोन करून न्यायला-आणायला गाडी सांगून ठेवा. सफारीचं बुकिंग वनविभागाच्या साइटवर आधीच करायचं, पुण्याच्या मुलांना सांगा, आणि बुकिंगला जे ओळखपत्र दिलं तेच ओरिजिनल सोबत हवं.

आता गुडघ्यांचं. जिप्सीत चढायची पायरी उंच असते, गेटवर एखादं स्टूल मागून घ्या, लाजायचं काही कारण नाही. मागची सीट चाकावर येते, सगळे धक्के तिथेच बसतात, म्हणून काकूंना पुढच्या सीटवर बसवा आणि कमरेमागे छोटी उशी द्या. आत खाली उतरता येत नाही, म्हणून गेटवरच बाथरूमला जाऊन या, आणि बीपीसाठी लघवीची गोळी सकाळी घेत असाल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच निघा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर पहाटे उघड्या जिप्सीत हाडं गोठतात, कानटोपी, शाल सगळं घ्या. फेब्रुवारी संपता संपता गेलात तर थंडीही कमी आणि पळस फुललेला, माझं मत विचाराल तर तेव्हाच जा. एप्रिल-मेमध्ये वाघ पाण्यावर येतो म्हणून लोक जातात पण ते ऊन तुमच्यासाठी नाही, आणि पावसाळ्यात जंगल बंदच असतं.

नागझिऱ्यात गवे, अस्वल, रानकुत्र्यांची टोळी, सांबर, काहीही दिसू शकतं. गाइडला सुरुवातीलाच सांगा की आम्हाला वाघामागे पळायचं नाही, पाणवठ्यावर गाडी बंद करून थांबा. मग कान द्या. चितळ एकदम ओरडायला लागलं, झाडावरून वानर खॅक खॅक करायला लागलं की आसपास वाघ नाहीतर बिबट्या आहे असं समजायचं, तो दिसो न दिसो, अंगावर काटा येतोच.

एक दिवस नवेगावबांधसाठी ठेवा. साकोलीहूनच जायचं, आणि तिथे तलावाकाठी बसायला जिप्सी लागतच नाही, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्नच मिटला. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं तिकडे सांगतात, कोहळी समाजाची तलाव बांधण्यात हातखंडा कला होती, भंडारा-गोंदियातली भातशेती कितीतरी ठिकाणी अजून त्यांच्याच तलावांवर आहे. हिवाळ्यात बाहेरून बदकं येतात, दुर्बीण असली तर फारच छान. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना याच नवेगावला राहिले होते.

परतीच्या दिवशी साकोली स्टँडवर कंट्रोलरला नागपूरच्या गाड्यांच्या वेळा विचारून घ्या आणि दुपारचीच गाडी धरा, म्हणजे अंधार पडायच्या आत घरी.