बायोप्सी न करता स्नायूतली ऊर्जा एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने खरंच मोजता येते का, की शेवटी बायोप्सीच खरी?

येते. एमआर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे एमआरआयच्याच यंत्रात स्नायूतल्या रसायनांचे सिग्नल वेगवेगळे ओळखणं, आणि बायोप्सी म्हणजे सुईने काढलेला स्नायूचा तुकडा. काही बाबतींत तर बायोप्सीपेक्षा चांगली येते. ‘शेवटी बायोप्सीच खरी’ या शब्दांवरून मी वर्षानुवर्षं भांडत आले आहे, म्हणून उत्तर लिहायला बसले.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ बायोकेमिस्ट होते. आमचं काम पोटरीच्या स्नायूवर, पेशीतल्या फॉस्फरस-३१ अणूंचा सिग्नल वापरून. माणूस स्कॅनरमध्ये आडवा, पोटरीखाली सिग्नल पकडणारी कॉइल, पायाने पेडल दाबत राहायचं आणि दर काही सेकंदांनी एक स्पेक्ट्रम, म्हणजे रसायनांची शिखरं दाखवणारा आलेख, घ्यायचा. फॉस्फोक्रिएटिनचं, म्हणजे स्नायूतल्या ऊर्जेच्या राखीव साठ्याचं, शिखर उतरू लागतं, सुट्या फॉस्फेटचं चढतं आणि जोराच्या व्यायामात चढता चढता फॉस्फोक्रिएटिनकडे सरकतं. पेशीतला पीएच घसरतोय, हे त्या सरकण्यावरूनच कळतं. एटीपीची, म्हणजे पेशी थेट खर्च करते त्या ऊर्जेच्या रेणूची, तीन शिखरं मात्र जागच्या जागी. ते बायोकेमिस्ट सर म्हणाले, “एटीपी हललंच नाही, मग मोजलंत काय?”

अहो, हलत नाही हाच तर मुद्दा! क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम फॉस्फोक्रिएटिन खर्चून एटीपी भरून काढत असतं. व्यायाम थांबला की फॉस्फोक्रिएटिन परत चढतं, तेव्हाचं एटीपी जवळजवळ सगळं मायटोकॉन्ड्रियातून (पेशीतल्या ऊर्जाघरांतून) येतं. निरोगी स्नायूत या चढण्याचा कालांक (सुमारे ६३ टक्के भरपाईला लागणारा वेळ) साधारण ३० सेकंद असतो, मायटोकॉन्ड्रियाच्या आजारात तो लांबतो. जिवंत, चालत्या स्नायूतली ही गती गोठवलेल्या तुकड्यात कुठून दिसणार?

मग सरांनी बायोप्सीचे आकडे आणले. विश्रांतीतल्या स्नायूत फॉस्फोक्रिएटिन आमच्यापेक्षा कमी, सुटं फॉस्फेट कितीतरी जास्त. त्यांचा निष्कर्ष तयार: आमचं कॅलिब्रेशन, म्हणजे सिग्नलवरून आकडा काढण्याचं माप, चुकलंय. खरं कारण वेगळं होतं. सुई आत गेल्यापासून तुकडा गोठेपर्यंतच्या सेकंदांत फॉस्फोक्रिएटिन तुटतं आणि त्यातलं फॉस्फेट सुटं होतं. मी बायोप्सीतल्या फॉस्फोक्रिएटिन आणि सुट्या फॉस्फेटची बेरीज करून दाखवली, ती आमच्या बेरजेशी जुळत होती. सरांनी विषय बदलला.

हे काही नवं तंत्र नाही. ऑक्सफर्डच्या गटाने १९७४ मध्ये उंदराच्या पायाच्या स्नायूचे स्पेक्ट्रम छापले. १९८१ मध्ये तिथल्याच मंडळींनी मॅकआर्डल आजाराच्या रुग्णाचा हात व्यायाम करताना तपासला, तर पीएच घसरलाच नाही. या आजारात ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, मोडता येत नाही, तर लॅक्टिक आम्ल बनणार कुठून? सुई न टोचता दिसलं हे.

आता मर्यादाही सांगते. फॉस्फरसचा सिग्नल, तितकेच अणू धरले तरी, नेहमीच्या एमआरआयमधल्या हायड्रोजनच्या ७ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे बारीक जागा पकडता येत नाही. वेगळी कॉइल आणि अ‍ॅम्प्लिफायर लागतो, नेहमीच्या एमआरआयवर तो बहुधा नसतो. स्नायू फार आंबला तर फॉस्फोक्रिएटिन सावकाश भरतं, म्हणून व्यायाम बेताचा ठेवा. यकृताच्या स्पेक्ट्रममध्ये फॉस्फोक्रिएटिन दिसलं तर ते पोटाच्या स्नायूचं समजा, यकृतात ते नसतंच. बरेच जण एटीपी ८.२ मिलिमोलर धरून बाकीचे आकडे काढतात, आणि तो आकडा बायोप्सीतूनच आलाय, हेही खरं. एन्झाइमं, तंतूंचे प्रकार बघायचे असतील तर बायोप्सी कराच.

पण सुट्या फॉस्फेटचा बायोप्सीतला आकडा कुणी तुमच्यापुढे टाकला, तर तुकडा किती सेकंदांत गोठवला ते आधी विचारा.