टूसॉनला येताय, तर घर जुन्या गावाच्या बाजूला बघा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमानांना अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या विद्यापीठात काम मिळालंय, ऑगस्टअखेर निघायचंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. त्या वाळवंटात जीव रमावा असं काही आहे का? "तिथे सगळे मेक्सिकन आहेत, दक्षिणेला घर घेऊ नका" असं कुणीतरी सांगितलं, ते खरं का? आणि सात वर्षांची लेक एकटी पडेल का? मी मूळची सांगोल्याची, इथे चौदा वर्षं झाली. उत्तर लांबेल, पण निघण्याआधी सगळं वाचाच.

घराचं आधी सांगते. घरं दाखवणाऱ्या एजंटने आम्हालाही हेच सांगितलं होतं. त्याचं ऐकून आम्ही उत्तरेकडच्या टेकड्यांपाशी, फाटक असलेल्या वसाहतीत राहिलो. दोन वर्षांत शेजारच्या घरातल्या माणसांची नावंसुद्धा कळली नाहीत. मग भाडं परवडेना म्हणून जुन्या गावाच्या कडेला आलो. आठवडाभरात समोरच्या आजी ताटलीत तमालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, घेऊन दारात उभ्या. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होतं, मला स्पॅनिश अजिबात नाही. मी ताटली रिकामी परत केली नाही, पुरणपोळी ठेवली. आमचं इथलं राहणं खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झालं.

त्या आजी मला स्थलांतरित वाटल्या होत्या. त्यांच्या पणजोबांचं घर याच गल्लीत होतं, हे नंतर कळलं. इथे बाहेरचं कोण, हे ठरवण्याआधी गावाची गोष्ट ऐकावी लागते.

टूसॉन हे नावच मुळी ओ'ओधम या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. 'चुक शोन', म्हणजे काळ्या डोंगराचा पायथा. तो डोंगर गावातून कुठूनही दिसतो. त्याच्या पायथ्याशी, सांताक्रूझ नदीकाठी, सुमारे चार हजार वर्षांपासून मका पिकत आलाय. नदी आता बहुतेक काळ कोरडी असते. 1775 साली स्पेनच्या राजाने इथे लष्करी ठाणं बांधायचं ठरवलं. जागा निवडणारा अधिकारी ह्यूगो ओकॉनर हा मूळचा आयरिश, स्पेनच्या चाकरीतला. 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि गाव मेक्सिकोचं झालं. मग 1853 च्या करारानुसार अमेरिकेने एक कोटी डॉलर मोजून हा दक्षिणेचा पट्टा विकत घेतला. गावातली माणसं उंबऱ्यावरून हललीही नाहीत, देश तेवढा बदलला. इथले जुने मेक्सिकन म्हणतात, आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आमच्यावरून गेली. अक्कलकोटला कन्नड आणि सोलापूरच्या मागांवर तेलुगू ऐकत वाढलेल्या मला हे लगेच उमगलं. ओ'ओधमांचं तर त्याहून वाईट झालं. त्यांचा मुलूखच मधोमध कापला गेला. आजही त्यांच्या काही वाड्या पलीकडे आहेत.

आता ज्या गोष्टीने मी या गावाशी बांधली गेले, ती सांगते. गावाच्या दक्षिणेला, ओ'ओधमांच्या जमिनीवर, सान हावियेर देल बाक नावाचं पांढरंशुभ्र चर्च आहे. 1692 मध्ये किनो नावाचे जेझुइट पाद्री बाक या वाडीत आले. आज दिसणारी इमारत नंतरची, 1783 ते 1797 या काळात बांधलेली. हा सान हावियेर म्हणजे आपल्या गोव्याचा सेंट झेवियर! ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे आणि 3 डिसेंबरला ज्याचं फेस्त भरतं, तोच. चर्चमध्ये एका बाजूला त्याची आडवी निजलेली मूर्ती आहे. लोक तिच्या पांघरुणाला आपल्या माणसांचे फोटो टाचतात आणि हळूच डोकं उचलून नवस बोलतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी किती वेळ तिथेच बसून राहिले. गोव्यात विसावलेल्या माणसाला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात आईच्या मायेने कुणीतरी पांघरूण घालतंय.

अशीच आणखी एक मूर्ती सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या माग्दालेना गावात आहे. किनो 1711 मध्ये तिथेच वारले. दर वर्षी 4 ऑक्टोबरला तिथे मोठी यात्रा भरते. खरं तर ही तारीख असिसीच्या फ्रान्सिसची, पण लोकांनी दोन्ही फ्रान्सिस एक करून टाकलेत. ओ'ओधम, याकी ही दुसरी आदिवासी जमात, मेक्सिकन अशी सगळी माणसं जातात, बरीच जण पायी. रस्त्याच्या कडेला लोक पाणी आणि जेवण घेऊन उभे असतात. माझ्या माहेरावरून आषाढीच्या दिंड्या जायच्या, आई दारात चहाचं पातेलं घेऊन उभी राहायची. सीमेवरच्या नोगालेस गावापुढे त्या रस्त्यावर मी मोसंबी वाटायला उभी राहिले, तेव्हा मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

हे सगळं गोडगोड आहे, असं मात्र समजू नका. 1871 च्या एप्रिलमध्ये याच गावातून गोरे, मेक्सिकन आणि ओ'ओधम असे तिघे मिळून निघाले आणि कॅम्प ग्रँट या छावणीजवळ लष्कराच्या आसऱ्याला आलेल्या शंभराहून अधिक अपाची आदिवासींना त्यांनी मारलं. मेलेल्यांत जवळजवळ सगळ्या बायका आणि मुलं होती. खटला चालला, ज्यूरीने काही मिनिटांत सगळ्यांना सोडून दिलं. माणसं एकत्र नांदली हे खरं, आणि तिसऱ्याला मारायला एकत्र आली हेही खरं. लेकीला गावाचा इतिहास सांगाल तेव्हा हे वगळू नका.

1880 मध्ये रेल्वे आली आणि तिच्याबरोबर चिनी कामगार. पुढे त्यांनी मेक्सिकन वस्त्यांमधून किराणा दुकानं काढली. गिऱ्हाइकाशी स्पॅनिशमध्ये बोलायचे, उधारीची वही ठेवायचे, सामान घ्यायला आलेल्या पोराच्या हातावर एखादी गोळी ठेवायचे. त्या वरच्या खाऊला इथे 'पिलोन' म्हणतात. आमच्या आजींना अजून त्या गोळ्यांची चव आठवते. ती दुकानं आणि त्यांच्या भोवतीच्या मातीच्या विटांच्या घरांच्या गल्ल्या 1960 च्या दशकाच्या शेवटी पाडल्या. सुमारे ऐंशी एकर वस्ती सरकारने 'सुधारणा' म्हणून साफ केली आणि तिथे मोठं सभागृह-संकुल उभं केलं. मेक्सिकन, चिनी, कृष्णवर्णीय, सगळ्यांची घरं गेली. उरलेला भाग म्हणजे आजचा बारिओ व्हिएहो, म्हणजे 'जुनी वस्ती'. रंगीत भिंतींपुढे पर्यटक फोटो काढतात. तुम्हीही काढा, पण शेजारच्या पार्किंगमध्ये क्षणभर उभ्या राहा. तिथे घरं होती. त्या पाडापाडीचा मला अजून राग येतो.

तिथेच 'एल तिरादितो' नावाची उघड्यावरची जागा आहे. अर्धवट पडकी भिंत, खाली मेणबत्त्या. प्रेमाच्या भांडणात मारला गेलेला एक तरुण तिथे पुरलाय, असं सांगतात. चर्चने न मानलेल्या माणसाला लोकांनी देवपण दिलं. रात्री लावलेली मेणबत्ती सकाळपर्यंत जळली तर नवस पुरा होतो म्हणे. 1971 मध्ये या जागेला राष्ट्रीय वारशाच्या यादीत स्थान मिळालं, आणि वस्तीवरून जाणारा महामार्ग रोखायला त्याचा उपयोग झाला. ज्याला कुणी वाली नव्हता, त्याने गल्ली वाचवली.

लेकीच्या शाळेचं. डेव्हिस नावाची सरकारी शाळा स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत शिकवते, मुलांना मारियाची हे मेक्सिकन संगीतही शिकवते. अर्ज लवकर करावा लागतो, म्हणून तिथूनच चौकशी सुरू करा. मराठी घरातल्या मुलीला आणखी एक भाषा जड जात नाही. 2010 मध्ये राज्याने कायदा करून इथल्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन इतिहासाचा अभ्यासक्रम बंद पाडायला लावला होता. 2017 मध्ये न्यायालयाने तो निर्णय वंशद्वेषातून घेतलेला ठरवला. विद्यार्थी आणि शिक्षक वर्षानुवर्षं लढले. शाळेत काय शिकवतात याकडे इथले पालक डोळ्यात तेल घालून बघतात, तुम्हीही बघा.

खाण्यापिण्याची काळजी करू नका. तूरडाळ, गोडा मसाला हवा तर बरोबर आणा, पण इथला पांढरा सोनोरा गहू आणून पोळ्या करून बघा, मऊ राहतात. तेपारी नावाच्या छोट्या कडधान्याची उसळ मी मटकीसारखी करते. चिल्तेपिन ही वाटाण्याएवढी रानमिरची खाल्लीत की कळेल, पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरलेल्या आपल्या मिरचीची ही नात्यातलीच. 2015 मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून गौरवलेलं हे अमेरिकेतलं पहिलं शहर.

पावसाला इथे मॉन्सूनच म्हणतात, आणि ओ'ओधमांचं नवं वर्ष त्याच्याच तोंडावर, सवारो निवडुंगाची फळं काढताना सुरू होतं. जून भाजून काढतो. तुम्ही याल तेव्हा पाऊस सरत आलेला असेल. क्रिओसोटच्या झुडपांवर सर पडली की जो वास सुटतो, तो मातीच्या वासाहून उग्र असतो.

आल्यावर पहिल्या शनिवारी सकाळी काळ्या डोंगराच्या पायथ्याशी मिशन गार्डनमध्ये या. ओ'ओधमांची शेती, स्पॅनिश फळबाग, चिनी भाजीपाला, सगळे वाफे तिथे शेजारी शेजारी आहेत. स्पेनहून मिशनऱ्यांबरोबर आलेली डाळिंबं तेव्हा रंगायला लागलेली असतील. सांगोल्याच्या बागा आठवून मी तिथे दर वर्षी जाते. गेटपाशी भेटू, लेकीलाही घेऊन या. आणि तोवर घराचा करार करू नका.