वन्समोर कोणाकडे मागायचा?

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका असून मंगळवार पेठेत राहते. वडिलांचे बोट धरून केशवराव भोसले नाट्यगृहात जाऊ लागले, तेव्हापासून संगीत नाटकाची गोडी आहे. मार्च २०२५ मध्ये लेकीने हट्टाने मुंबईला बोलावून घेतले आणि वांद्रे-कुर्ला संकुलात ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ हे इंग्रजी संगीत नाटक दाखवले. पडदा उघडून दहा मिनिटेही झाली नव्हती, एकही गाणे धड झाले नव्हते, तोच माझे डोळे वाहू लागले. पुढे मात्र सगळे इतके बिनचूक चालले होते की मी हळूहळू त्यातून बाहेर पडले. एका गाण्यानंतर सवयीने तोंडून ‘वन्समोर’ गेले, तर पुढच्या बाईंनी वळून पाहिले आणि नातवाने माझा हात दाबला. परतताना तो म्हणाला, “आजी, तुमची नाटकं याच्यापुढे अगदीच साधी गं.” राग आला, पण उत्तर सुचले नाही. मी रडले ते त्या झुंबराला पाहून का? आणि रडल्यावर मन उडाले कशामुळे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वन्समोरपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. तुम्ही काही वावगे केले नाही. फक्त तो देणे तिथे कोणाच्या हातात नव्हते. अशा प्रयोगात वाद्यवृंद रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत बसतो, त्याच्यापुढे संचालक हातात छडी घेऊन उभा असतो, आणि त्याने मोजलेल्या मात्रांवर गाणे, दिव्यांचे बदल, सरकणारे नेपथ्य आणि नटांची पावले बांधलेली असतात. गाणाऱ्या नटाला संचालकाकडे मान वळवून पाहता येत नाही, म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यावरून दिसेल असा एक पडदा सज्जाच्या कठड्याला लावतात आणि त्यावर संचालकाचे हात दाखवतात. नट प्रेमाने नायिकेकडे पाहत गात असतो, तेव्हाही त्याची अर्धी नजर त्या हातांवर असते. केसांच्या रेषेत दडवलेल्या बारीक मायक्रोफोनमधून त्याचा आवाज मागे बसलेल्या ध्वनिनियंत्रकाकडे जातो आणि तिथून तुमच्या कानांपर्यंत येतो.

आता तुमच्या लहानपणीची पहिली रांग आठवा. ऑर्गनवाला आणि तबलजी रंगमंचाच्या पायथ्याशी बसलेले, आणि ऑर्गनवाल्याची मान वर. तो नटाच्या ओठांकडे पाहत असतो. नटाने एखादी जागा लांबवली की याचा पाय भात्यावर तसाच चालू राहतो, तान संपून नट समेवर येईपर्यंत हा वाट पाहतो, आणि प्रेक्षकांनी दाद दिली की पद पुन्हा उघडते, तेही दुसऱ्या अंगाने. तिथे नट संचालकाकडे पाहतो, इथे वादक नटाकडे. माझ्या मते दोन्ही परंपरांमधला खरा फरक एवढाच आहे. तुमचे मन उडाले ते प्रयोग कोरडा होता म्हणून नव्हे. नटाला चार पावले पुढे ढकलण्याचे काम प्रेक्षकाचे असते, अशी तुम्हाला जन्माची सवय, आणि त्या रात्री तुमच्या वाट्याला ते काम आले नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत दोन नाटक कंपन्यांनी मिळून केलेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये केशवरावांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी एकत्र उभे राहिले, तेव्हा त्या प्रयोगाची वेळ कोणाला मोजून बांधता आली असती?

नातवाचे म्हणणे मात्र मान्य करू नका, आणि भव्यतेला नावे ठेवून त्याला उत्तरही देऊ नका. संगीत रंगभूमी साधी कधीच नव्हती. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर या कोल्हापूरच्या चित्रकारांनी सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. त्यावरचे महाल आणि अरण्ये पाहायलाही लोक तिकीट काढत असतील, असे मला नेहमी वाटते. बालगंधर्वांच्या शालूंचे आणि अत्तराचे, त्यापायी झालेल्या कर्जाचे किस्से तर तुम्हीच त्याला सांगू शकाल. डोळे दिपवणे हा आपल्याकडेही नाटकाचा धर्म होता. आजच्या संगीत नाटकाच्या प्रयोगात एक मखमली पडदा आणि दोन खुर्च्या दिसतात, त्यामागे पैशाची चणचण आहे. ती परंपरा नव्हे.

राहिला रडण्याचा प्रश्न. तुम्ही लिहिता, पहिल्या दहा मिनिटांत. त्या दहा मिनिटांत काय घडते? साल १९०५, पॅरिसचे जुने ऑपेरागृह. त्याच्या सामानाचा लिलाव चालला आहे, एक म्हातारा चाकाच्या खुर्चीत बसून वस्तू पाहतो आहे. शेवटी कापडाखाली झाकलेले मोडके झुंबर पुकारले जाते, कापड ओढले जाते, ऑर्गन गडगडतो, आणि झुंबर उजळत छताकडे जाऊ लागते. त्याबरोबर ते थिएटर पुन्हा तरुण होते. तुम्ही पत्रात वडिलांचे बोट आणि नाट्यगृहाचे नाव एकाच वाक्यात लिहिले आहे, पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीचा उल्लेख कुठेही केलेला नाही. शाहू महाराजांनी बांधलेले, १९१५ पासून उभे असलेले ते पॅलेस थिएटर, म्हणजेच तुमचे केशवराव भोसले नाट्यगृह, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळाले, आणि खासबागेकडून उठणाऱ्या ज्वाळा मंगळवार पेठेतून न दिसण्याजोग्या नव्हत्या. त्यानंतर सातच महिन्यांनी तुम्ही मुंबईत बसून एका जुन्या थिएटरवरची धूळ झटकली जाताना पाहिली. रडू झुंबराचे नव्हते, असे मला वाटते.

नातवाला पुढच्या सुट्टीत एखाद्या संगीत नाटकाला न्या, पण तिकिटे पहिल्या रांगेची काढा आणि एका कडेची. तिथून ऑर्गनवाल्याचे पाय दिसतात. आणि पद आवडले तर वन्समोर त्याला मागू द्या; तुम्ही गप्प बसा.